‘मॅडम, मशरूम घेतलं तर हे जाईल का?’

अलीकडे हा प्रश्न माझ्याकडे थेरपीसाठी येणाऱ्यांच्या वेगवेगळ्या तोंडून येतो. कधी आयटीतली मुलगी विचारते, कधी पोलीस खात्यातला अधिकारी, कधी डॉक्टर. आशय एकच असतो: परदेशात म्हणे सायकेडेलिक, म्हणजे जाणिवा काही काळ बदलून टाकणारी औषधं देऊन जुना मानसिक आघात बरा करतात, इथेही कुठल्यातरी फार्महाऊसवर गुपचूप शिबिरं होतात, तर जाऊ का? नुसतं ‘नको’ म्हटलं की माणूस मान डोलावतो आणि जायचं तिथे जातोच. म्हणून एका भूलतज्ज्ञाची हकिगत सांगते. त्यांच्या परवानगीनं लिहितेय, आणि ओळख पटेल असे तपशील बदललेत.

डॉक्टर आले ते बायकोच्या आग्रहामुळे. झोप तुटक. घरात कुकरची शिट्टी झाली की दचकायचे, मुलीवर ओरडायचे. रात्री दोन पेग घेतल्याशिवाय डोळा लागत नसे. एक गोष्ट मात्र त्यांनी बऱ्याच भेटींनंतर सांगितली. पेट्रोल पंपावर गाडीच्या चाकात हवा भरायची वेळ आली, की ते ड्रायव्हरला पाठवायचे. हवेच्या मीटरचा काटा त्यांना बघवत नसे.

२०२१ च्या एप्रिलमध्ये, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, ऑक्सिजनवरून नाशिकमध्ये काय चाललं होतं, ते इथल्या कुणाला सांगायला नको. डॉक्टर तेव्हा एका आयसीयूत रात्रपाळी करत होते. एका कानाला फोन, समोर अंबडचा नाही तर सिन्नरचा सिलेंडरवाला, आणि नजर प्रेशर गेजच्या काट्यावर. काटा उतरू लागला की कुणाचा फ्लो कमी करायचा, हे त्यांना ठरवावं लागे. “ठरवणारा मी एकटा होतो,” हे वाक्य ते पुन्हापुन्हा म्हणायचे.

मानसोपचारतज्ज्ञांनी पीटीएसडीचं, म्हणजे आघातानंतर मागे उरणाऱ्या मानसिक आजाराचं निदान करून सर्ट्रालीन ही गोळी सुरू केली होती. थोडा फरक होता, पण डॉक्टरांना घाई झाली होती. एके दिवशी त्यांनी मोबाइल पुढे केला. गंगापूर धरणाच्या बाजूला कुठेतरी दोन दिवसांचं ‘हीलिंग सर्कल’ होतं. पांढरे कपडे आणा, डोळ्यांवरची पट्टी आणा, आणि ‘तीन दिवस आधी सगळ्या गोळ्या बंद करा.’

“नैसर्गिक आहे मॅडम, केमिकल नाही,” ते म्हणाले.

“धोत्राही नैसर्गिकच आहे, डॉक्टर. शंकराला वाहतो, खात नाही.”

ते हसले. पण शिकलेल्या माणसाला नुसत्या टोल्यानं गप्प करून भागत नाही. शिवाय त्यांचा मुद्दा अगदीच हवेतला नव्हता, म्हणून आम्ही दोघांनी मिळून अभ्यास वाचला.

पीटीएसडीवरच्या मोठ्या चाचण्या मशरूमच्या नाहीत, एमडीएमए या रासायनिक द्रव्याच्या आहेत; त्यांचे निकाल २०२१ आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. दुसऱ्या चाचणीत औषध आणि थेरपी दोन्ही मिळालेल्यांपैकी सुमारे ७१ टक्के लोक शेवटी पीटीएसडीच्या निकषांत बसत नव्हते. आकडा मोठाच आहे. डॉक्टरांनी तो मला विजयी मुद्रेनं दाखवला. मी खालची ओळ दाखवली: ज्यांना औषधाऐवजी प्लासिबो, म्हणजे औषध नसलेली नुसती गोळी दिली, पण थेरपी तीच दिली, त्यांच्यापैकीही सुमारे ४८ टक्के लोक त्या निकषांतून बाहेर पडले होते. त्या थेरपीत होतं काय? दोन थेरपिस्ट, आधी तयारीच्या दीड-दीड तासाच्या तीन बैठका, मग साधारण महिन्याच्या अंतरानं आठ-आठ तासांची तीन सत्रं, आणि प्रत्येक सत्रानंतर जे वर आलं ते लावून घेण्यासाठी आणखी तीन-तीन बैठका. म्हणजे गोळी तीनदा, आणि तिच्याशिवायच्या बैठका बारा. दोन दिवसांच्या फार्महाऊसवर यातलं काय बसतं?

एवढं असूनही अमेरिकेच्या औषध नियामकानं ऑगस्ट २०२४ मध्ये मंजुरी नाकारून आणखी एक चाचणी करायला सांगितलं. एक अडचण अशी, की आपल्याला खरं औषध मिळालंय की नाही हे अशा चाचणीत बहुतेकांना कळतंच, त्यामुळे निकालात अपेक्षेचा वाटा किती, हे सांगणं अवघड जातं. आधीच्या एका चाचणीत तर थेरपिस्टनीच रुग्ण बाईशी गैरवर्तन केल्याचं उघड झालं होतं. या औषधांखाली माणूस फार मोकळा आणि फार असहाय असतो. म्हणून ‘सोबत कोण बसणार आहे’ हा प्रश्न मला ‘कुठलं औषध’ या प्रश्नाइतकाच मोठा वाटतो.

“पण ऑस्ट्रेलियात चालतं की,” डॉक्टर म्हणाले. चालतं. जुलै २०२३ पासून तिथे परवानगी मिळालेले मानसोपचारतज्ज्ञ पीटीएसडीसाठी एमडीएमए आणि औषधांना दाद न देणाऱ्या नैराश्यासाठी सिलोसायबिन, म्हणजे मशरूममधलं द्रव्य, लिहून देऊ शकतात. अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यात २०२० मध्ये मतदारांनी कौल दिला आणि २०२३ मध्ये परवानाधारक केंद्रं सुरू झाली. तिथे प्रशिक्षित माणूस सोबत बसतो, आधी तयारीची बैठक होते, गटातही बसता येतं. आपल्याकडे सिलोसायबिन, एलएसडी, एमडीएमए ही तिन्ही १९८५ च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्याखाली येतात. कमी प्रमाण असलं म्हणून गुन्हा टळत नाही. आणि गुपचूप चालणाऱ्या ठिकाणी कुणाला झटका आला, कुणाचा बीपी चढला, तर अँब्युलन्स बोलवायला आयोजकच घाबरणार. आयसीयूतल्या माणसाला हे दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही.

तेव्हा त्यांनी दुसरं दार ठोठावलं. “केटामाइन तर माझ्या रोजच्या वापरातलं. कायदेशीर आहे. मग?”

या प्रश्नाची मी वाटच बघत होते, आणि खरं सांगायचं तर मला भीतीही याचीच होती. केटामाइन या भुलीच्या औषधानं गंभीर नैराश्य झटकन उतरल्याचं दिसलंय, काही मानसोपचारतज्ज्ञ आपल्याकडेही ते देतात. पीटीएसडीबद्दलचे निष्कर्ष मात्र एकसारखे नाहीत. त्याच कुळातला नाकात मारायचा स्प्रे अमेरिकेत २०१९ मध्ये मंजूर झाला, तोही केंद्रातच घ्यायचा आणि नंतर किमान दोन तास देखरेखीखाली थांबायचं, या अटीवर. “भूल देणाऱ्यानं स्वतःला भूल देऊ नये, हे तुम्हीच विद्यार्थ्यांना शिकवता ना?” मी विचारलं. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “एकदा अ‍ॅम्प्युल खिशात घालून घरी आणलं होतं. दुसऱ्या दिवशी परत नेऊन ठेवलं.” त्याच संध्याकाळी मी त्यांच्यासमोर त्यांच्या मानसोपचारतज्ज्ञांना फोन लावला. दारूचा विषयही तेव्हाच उघड झाला. त्यानंतर काही काळ औषधांच्या कपाटाची किल्ली त्यांनी स्वतःहून सहकाऱ्याकडे सोपवली.

शिबिराच्या फॉर्ममध्ये नाव, वय, फोन आणि पैसे कुठे भरायचे एवढंच होतं. मी डॉक्टरांना बीपीबद्दल विचारलं. गोळी चालू होती. घरात कुणाला मोठा मानसिक आजार? “एक काका होते. आवाज ऐकू यायचे त्यांना. त्र्यंबकला नेऊन नारायण नागबलीसुद्धा केला.” सिलोसायबिनच्या चाचण्यांत जवळच्या नात्यातला सायकोसिस (भास-भ्रम होणारा आजार) किंवा बायपोलर (टोकाच्या मूड-बदलांचा आजार) हा सहसा प्रवेश नाकारण्याचा मुद्दा असतो. इगतपुरीला नुसत्या मौन-ध्यानाच्या विपश्यना शिबिरालासुद्धा अर्जात मानसिक आजाराबद्दल विचारतात. इथे तर मन ढवळून काढणारं द्रव्य देणार होते, आणि विचारलं होतं ते पैसे कुठे भरणार एवढंच. गोळ्यांचंही तसंच. सर्ट्रालीन अशी तीन दिवसांत तोडली तर चक्कर, चिडचिड, झोपेचा विचका, मूळ त्रास उसळणं, काहीही होऊ शकतं. ती फक्त देणाऱ्यानंच, हळूहळू कमी करायची असते.

मग केलं काय? ट्रॉमासाठीची सीबीटी, म्हणजे टाळलेल्या आठवणींना आणि त्याभोवतीच्या विचारांना टप्प्याटप्प्यानं सामोरं जायची थेरपी. डोळ्यांच्या हालचालींवर आधारित ईएमडीआरही एक पर्याय होता, आणि या दोन्ही पद्धतींची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेनं २०१३ मध्येच केली आहे. डॉक्टरांनी आयसीयूतली एक रात्र आधी लिहून काढली, मग वाचली, मग पुन्हा वाचली. हवेच्या मीटरचा आधी फोटो बघितला, नंतर पंपावर गाडीत बसून लांबून बघितला, शेवटी नळी स्वतः हातात घेतली. कंटाळवाणं काम आहे. यावर कुणी माहितीपट काढणार नाही.

जास्त हललं ते मात्र गटात. आम्ही महिन्यातून एकदा डॉक्टर, सिस्टर, वॉर्डबॉय, अँब्युलन्सवाले यांची बैठक घेतो. तीन अटी: फोन बंद, सल्ला द्यायचा नाही, रुग्णाचं नाव घ्यायचं नाही. डॉक्टर पहिल्या खेपेला एक शब्द बोलले नाहीत. पुढच्या एका बैठकीला मी त्यांना विचारून त्यांच्याच तेव्हाच्या वॉर्डातल्या मामांना, म्हणजे वॉर्डबॉयना बोलावलं. मामा म्हणाले, “सिलेंडर मीच ओढायचो. एक संपायच्या आत दुसरा लावायचा. साहेब ओरडायचे, पण मला बरं वाटायचं, कुणीतरी जागं आहे म्हणून.” डॉक्टर एकटेच ठरवत होते हे खरं असेल. पण त्या खोलीत ते एकटे नव्हते, हे त्यांच्या आठवणीतून पार पुसलं गेलं होतं. त्या दिवशी ते रडले, नंतर मामांना सोडायला नाशिकच्या द्वारका चौकापर्यंत गेले.

ही सोय सगळ्यांच्या गावात नसते, मला ठाऊक आहे. रात्रीबेरात्री असह्य झालं तर टेलिमानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी क्रमांक आहे, मराठीत बोलता येतं. शिबिराचं आमंत्रण हातात असेल, तर चार गोष्टी विचारा: डॉक्टर कोण, माझी औषधं आणि घरातले आजार कुणी तपासले, बिघडलं तर कुठे नेणार, आणि नंतर महिनाभर माझ्याशी कोण बोलणार. उत्तरादाखल ‘विश्वास ठेवा’ आलं तर परत फिरा. चारही उत्तरं चोख आली तरी आज आपल्या देशात ते बेकायदेशीरच आहे.

डॉक्टरांची गोळी अजून चालू आहे, मानसोपचारतज्ज्ञ ती हळूहळू कमी करताहेत. दारू सुटली. एप्रिल दरवर्षी जड जातो, तेव्हा आम्ही भेटी वाढवतो. मध्यंतरी त्यांनी पुन्हा विचारलं, उद्या कायदा बदलला तर? मी म्हटलं, तेव्हाचा पुरावा बघू, तुमच्या मानसोपचारतज्ज्ञांबरोबर बसून. पण काकांचा इतिहास काही बदलणार नाही, त्यामुळे सिलोसायबिनला तेव्हाही माझा कल नाहीकडेच असेल. त्यांना हे पटलंय की नाही, ते त्यांनी अजून सांगितलेलं नाही.