डिस्चार्जनंतर कोणता रुग्ण पुन्हा दाखल होईल, हे गुणांकावरून ओळखता येते का?

आपल्या रुग्णालयात ‘लेस’ (LACE) हा पुन्हा दाखल होण्याचा धोका मोजणारा गुणांक सुरू केल्यास ३० दिवसांच्या आत पुन्हा दाखल होणाऱ्यांचे प्रमाण घटेल का, असे आपण विचारले आहे. गुणांक जरूर काढा, परंतु घरी गेलेल्यांपैकी कोणाला विचारपूस करणारा फोन करायचा नाही हे त्यावरून ठरवू नका. हृदयरोग विभागात परिचारिका असताना याच मुद्द्यावर विभागप्रमुखांशी माझा दीर्घकाळ वाद चालला होता, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

१९ पैकी १० किंवा अधिक गुण असतील त्यांनाच डिस्चार्जनंतर फोन करायचा, असा त्यांचा नियम होता. हार्ट फेल्युअरचे निदान नुकतेच झालेले एक आजोबा तीन दिवस राहून घरी गेले. मुक्कामाचे ३, तातडीने दाखल झाल्याचे ३, हार्ट फेल्युअरचे २ आणि आधीच्या सहा महिन्यांत इमर्जन्सीत एकदाही आले नव्हते म्हणून ०, असे त्यांचे ८ गुण भरले आणि त्यांना फोन गेला नाही. आठवड्याच्या आत ते चक्कर येऊन पडले. पुन्हा आणले तेव्हा नाडी चाळीसच्या खाली होती. त्यांच्या मुलीने औषधांची पिशवी माझ्यासमोर टेबलावर रिकामी केली. रक्तदाबासाठी पूर्वीपासून चालू असलेली एक गोळी आणि आमच्याकडून लिहून दिलेली एक गोळी, दोन्हींची नावे वेगळी, रंग वेगळे, पण पट्टीच्या मागे बारीक अक्षरांत घटक एकच, नाडी मंदावणारे मेटोप्रोलॉल. आजोबा दोन्ही नेमाने घेत होते. डिस्चार्ज कार्डावर नवी औषधे नीट लिहिली होती. जुन्यांपैकी कोणती बंद करायची, याची एक ओळही नव्हती. ‘घरातल्या सगळ्या गोळ्या समोर घ्या आणि एकेक नाव वाचून दाखवा’ एवढे फोनवर म्हटले असते, तरी ही गोष्ट दुसऱ्याच दिवशी उघड झाली असती.

एका रुग्णावरून नियम बदलत नसतात, असे विभागप्रमुख म्हणत. मला ते तेव्हाही पटले नाही आणि आजही पटत नाही. २०१० मध्ये कॅनडातील ओंटारिओच्या रुग्णांवरून तयार झालेल्या या गुणांकात मुक्काम, दाखल होण्याची निकड, सहव्याधी आणि इमर्जन्सीतील फेऱ्या एवढेच मोजले जाते. रुग्णाला आपली औषधे कळली आहेत का आणि घरी ती कोण देते, याला त्यात जागाच नाही. अमेरिकेतील मेडिकेअर या मुख्यतः ज्येष्ठांसाठीच्या सरकारी आरोग्य विम्याच्या रुग्णांवरील २००९ च्या अभ्यासात सुमारे एक पंचमांश रुग्ण ३० दिवसांत परतले, आणि शस्त्रक्रियेविना उपचार घेऊन परतलेल्यांपैकी जवळपास निम्म्यांची मधल्या काळात डॉक्टरांकडे गेल्याची नोंदच नव्हती.

अर्थात प्रत्येक पुनर्प्रवेश टाळता येण्याजोगा नसतो. शिवाय न्यू जर्सीतील कॅमडेन येथे वारंवार दाखल होणाऱ्यांसाठी राबवलेल्या सघन पाठपुराव्याने हे प्रमाण घटले नाही, असे २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दिसले. त्यामुळे फोनने सारे साधेल असा माझा दावा नाही.

तरीही मनुष्यबळ कमी असेल तर जास्त गुणांच्या रुग्णांना आठवड्याच्या आतली तपासणीची वेळ डिस्चार्जपूर्वीच ठरवून द्या, आणि ४८ तासांतला फोन मात्र सर्वांना करा. तो करणाऱ्या व्यक्तीच्या हातात रुग्णाचे कागद असावेत आणि गोळी बदलायची वेळ आली तर डॉक्टरांना त्याच क्षणी विचारण्याची तिला मुभा असावी.