हजेरी लाव, बाकीचं मग

अगं,

तुझी एक्सेल शीट उघडली. कॉलेजची फी, तीन वर्षांत बुडणारा पगार, फ्लॅटचा हप्ता, पास होशील तेव्हाचं वय, सासरच्यांचं मत, आणि शेवटी ‘यशाची शक्यता’ म्हणून एक रकाना. त्यात ६० टक्के. हा आकडा कुठून काढलास? दहा वर्षं पर्चेसला काढलीस म्हणून आता वकिलीचीही कोटेशनं मागवून एल-वन, म्हणजे सगळ्यात स्वस्त कोण, ते ठरवणार?

शीटच्या तळाला बारीक अक्षरात लिहिलंयस, ‘अटेंडन्स मॅनेज होतो असं कळलं.’ त्या ओळीमुळे हे पत्र. नाहीतर आशीर्वाद पाठवून मोकळा झालो असतो.

वर्गात हजर राहायचं नसेल तर एलएलबी करू नकोस.

वकिलांचे आणि कायद्याच्या शिक्षणाचे नियम ठरवणाऱ्या बार कौन्सिलचा नियम ७० टक्के हजेरीचा आहे. २०२४ मध्ये त्यांनी बायोमेट्रिक हजेरीचं आणि सीसीटीव्हीचं परिपत्रक काढलं, नोकरी करणाऱ्यांनी तसं जाहीर करून मालकाची ना-हरकत द्यावी असंही त्यात आहे. तरीही मॅनेज होतं, हे तुला सांगणारा खरंच सांगतोय. असे मॅनेज केलेले वकील मी रोज बघतो. वकिलीची सनद असते, कोट असतो, गाडीवर स्टिकर असतं, आणि साधी मुदत मागताना घसा सुकतो.

वर्गात असं काय मिळतं, गाइडमध्ये सगळं आहे की, असं तू म्हणशील. ऐक. मी ४१ व्या वर्षी पहिल्या वर्षाला बसलो. त्याआधी साखर कारखान्यात अकाउंट्सला होतो आणि पगार महिनोन्‌महिने थकायचा. आमच्या वडिलांनी दोन एकर जमीन साठेखतावर घेतलेली, नोंदणी नाही, ताबा आमचा. घरात त्यावरून कायम धुसफूस. एका सकाळी सर मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम ५३-अ शिकवत होते: करार झाला, ताबा दिला, तर मूळ मालक घेणाऱ्याला सहजी उठवू शकत नाही, पण २००१ च्या दुरुस्तीनंतर तो करार नोंदणीकृत हवा. गाइडमध्ये इथंच संपतं. मागच्या बाकावरचा एक पोरगा उठला, ‘सर, २००१ च्या आधीच्या करारांचं काय?’ सरांनी खडू ठेवला आणि उरलेला तास त्याच्यावर घालवला. दुरुस्ती पुढच्यांसाठी, मागच्यांना जुनंच संरक्षण. माझ्या बापाची जमीन, आणि प्रश्न सुचला बावीस वर्षांच्या पोराला! मला वीस वर्षांत सुचला नव्हता. मी त्या दिवशी घरी असतो तर?

म्हणून हजर राहा म्हणतो. दुसऱ्याने विचारलेला प्रश्न घरबसल्या मिळत नाही.

वयाचं रडगाणं तर बंदच कर. तीन वर्षांच्या कोर्सला ३० ची मर्यादा आणायचा प्रयत्न बार कौन्सिलने केला होता, २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली आणि तिशीपुढचे लोक प्रवेश घेताहेत. तू ३४ ची आहेस. आमच्या वेळी पदवीच्या मार्कांवर प्रवेश व्हायचा, २०१६ पासून सीईटी आली. ती तू पास होशील, त्यावर शब्द घालवत नाही.

आणि ते कॉर्नेलिया सोराबजींचं उदाहरण मला पाठवू नकोस. नाशिकला १८६६ मध्ये जन्मल्या, १८९२ मध्ये ऑक्सफर्डची कायद्याची परीक्षा दिली, आणि बायकांना वकिली खुली करणारा कायदा आला १९२३ मध्ये. पुढच्या वर्षी त्या कलकत्त्यात वकील म्हणून उभ्या राहिल्या, साठीच्या उंबरठ्यावर. त्यांना उशीर झाला नव्हता, त्यांच्यासाठी दार बंद होतं. तुझं दार उघडं आहे आणि तू उंबऱ्यावर बसून शीट भरतेयस.

पुढे गेलेल्यांना कशी गाठणार, असंही विचारलंयस. १ जुलै २०२४ पासून जुन्या दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झाली. फौजदारीत चाळीस वर्षं घालवलेले आमचे ज्येष्ठ खिशात जुन्या-नव्या कलमांचा तक्ता घेऊन फिरतात. तोंडात खुनाचं ३०२ येतं, मग थांबतात, १०३ म्हणतात. चारशेवीस आता ३१८ मध्ये जाऊन बसलंय. सगळे पुन्हा पाटी घेऊन बसलेत. दिवाणीत मात्र १९०८ चीच संहिता आहे, तिथं पाठांतराला पर्याय नाही.

पैशाचं खरं सांगतो. पूर्ण वेळ पगारी नोकरी आणि वकिली एकत्र चालत नाही, बार कौन्सिलचा नियम ४९ आहे. म्हणजे सनदेच्या वेळी नोकरी सुटणारच. सनदेची फी ७५० रुपयांवर घेता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये ठरवून दिलंय. पुढे ऑल इंडिया बार परीक्षा. खरा खड्डा त्यानंतरचा. ज्युनिअरला शहरात २० हजार आणि गावाकडे १५ हजार द्यावेत असं बार कौन्सिल सुचवते. सुचवते. आमच्या तालुक्यात पहिल्या वर्षी चहा आणि एसटीचं भाडं सुटलं तरी सीनिअर चांगला म्हणायचा. दोन-तीन वर्षांची बेगमी करून ये. तुझ्या शीटमधला तेवढा एक रकाना कामाचा आहे.

तुझी दहा वर्षं वाया जाणार नाहीत. चेक न वटल्याचे १३८ चे खटले प्रत्येक कोर्टात ढिगाने पडलेत. बँकेची खबर आल्यापासून ३० दिवसांत नोटीस, ती मिळाल्यापासून पैसे द्यायला १५ दिवस, नाही दिले तर महिन्याच्या आत फिर्याद. हे कोणीही पाठ करेल. पण पीओ (खरेदीची ऑर्डर), चलन, डेबिट नोट बघून ‘हे देणं खरंच लागतं का’ हे तुला जसं कळेल, तसं नुसत्या पोथीवाल्याला कळणार नाही.

आता घरचं. आमचं घर तेव्हा बायकोच्या जिल्हा परिषदेच्या पगारावर चाललं. माझा मेव्हणा अजून लग्नाकार्यात म्हणतो, बायकोच्या जिवावर वकील झाला. झालो. त्याच पगारावर काढलेल्या कर्जातून त्याचा ट्रॅक्टर आला, ते कधी बोलत नाही. मुलगी त्या काळात दहावीला होती. तिच्या भूमितीला मी नव्हतो. परवा सहज म्हणाली, ‘बाबा, तुमची हजेरी तिकडे लागायची.’ काय उत्तर देणार? ते मनात राहतंच. तरीही आज पुन्हा तेच करीन. मी तो तास बुडवून घरी बसलो असतो तर तिला धड बापही मिळाला नसता आणि वकीलही. चिडका अकाउंटंट मात्र मिळाला असता. हे मी स्वतःला फार वेळा सांगितलंय, कदाचित म्हणूनच पटतं.

हट्ट वाटत असेल तर आमच्या कोर्टात मागे उभी राहून बघ. पट्टेवाला दाराशी येऊन नाव पुकारतो. वादी तीन एसट्या बदलून आलेला, टपरीवर चहा पितोय. वकील दुसऱ्या कोर्टात. तीनदा पुकारा झाला, कोणी नाही. न्यायाधीश रोजनाम्यावर दोन ओळी लिहितात आणि गैरहजेरीत दावा संपतो. मग दावा परत फाइलवर घ्यायचा अर्ज, तोही ३० दिवसांत. म्हातारा विचारतो, ‘मी तर इथंच होतो की साहेब.’ त्याला कोणत्या तोंडानं सांगणार? कॉलेजात ‘प्रॉक्सी’ लावलेल्या वकिलाकडून हे हमखास घडतं, असा माझा अनुभव आहे. तू याला पूर्वग्रह म्हण.

सीईटीचा फॉर्म भरायच्या आधी एक दिवस इकडे ये. अकराच्या आत पोच, बोर्ड बघ, कोणाशी न बोलता संध्याकाळपर्यंत बस. डबा आण, कॅन्टीनमधली भजी मी पक्षकारालाही खाऊ देत नाही.

तुझा
काका

ता. क. पूर्ण रजा टाक. हाफ डे काढून येणार असशील तर येऊ नकोस.