सर्व्हरमधला बॅकडोअर, म्हणजे गुपचूप आत शिरायची चोरवाट, लपवायची सगळ्यात अवघड युक्ती कोणती?

तुम्ही लिहिलंय की मित्रांमध्ये यावर रोज वाद होतो. कुणी म्हणतं प्रोसेसचं नाव बदला, कुणी म्हणतं सिस्टिमच्या गाभ्यात बसणारं कर्नल मॉड्यूल लिहा, आणि पकडायला खरोखर कठीण काय ते तुम्हाला हवंय. मी बारा वर्षं लिनक्स सर्व्हर सांभाळतोय. माझं उत्तर एकच, एक्सझेड या कॉम्प्रेशनच्या, म्हणजे फायली लहान करणाऱ्या, प्रोजेक्टचं प्रकरण. नाव बदलणं वगैरे त्याच्यापुढे पोरखेळ आहे.

२९ मार्च २०२४, गुड फ्रायडेची सुट्टी. रात्री साडेनऊच्या सुमारास आंद्रेस फ्रॉइंड या पोस्टग्रेस डेटाबेसच्या डेव्हलपरचा जाहीर मेल आला आणि माझं जेवण ताटातच राहिलं. डेबियन या लिनक्सवर त्याचं एसएसएच लॉगिन, म्हणजे दुरून मशीनमध्ये शिरणं, जरा रेंगाळत होतं. आधी ०.३ सेकंद लागायचे, आता ०.८. नसलेल्या यूझरला नकार द्यायलासुद्धा! त्या अर्ध्या सेकंदाचा पाठपुरावा करत तो एक्सझेडच्याच लिबएलझेडएमए या कॉम्प्रेशन लायब्ररीपाशी पोचला. तिच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत बॅकडोअर होता.

लपवला कुठे ते बघा. गिटमधला, म्हणजे प्रोजेक्टच्या उघड नोंदवहीतला, सी कोड कितीही वाचलात तरी तो दिसला नसता. मूळ माल टेस्टच्या बायनरी फायलींत होता. कॉम्प्रेशनच्या प्रोजेक्टमध्ये मुद्दाम बिघडवलेल्या फायली असायच्याच, त्या कोण उलगडून बघतो? त्या फायली बिल्डमध्ये, म्हणजे कोडचा प्रोग्राम बनताना, घुसवणारी स्क्रिप्ट तर गिटमध्ये नव्हतीच, ती फक्त रिलीजच्या टारबॉलमध्ये (कोडच्या बांधलेल्या गठ्ठ्यात) होती, आणि पॅकेज बनतात ते टारबॉलवरून. मुळात एसएसएच चालवणारं ओपनएसएसएच ही लायब्ररी वापरतही नाही. डेबियन, फेडोरा तेव्हा त्याला सर्व्हिसेस सुरू करणाऱ्या सिस्टिमडीसाठी पॅच (छोटा बदल) लावायचे आणि सिस्टिमडीची लायब्ररी लिबसिस्टिमडी हिच्या मागोमाग ही आत यायची. चालू झाल्यावरही सावधपणा तोच: टर्म व्हेरिएबल सेट असेल, म्हणजे कुणी हाताने सर्व्हर सुरू करून बघत असेल, तर गप्प. हुकूम फक्त एका विशिष्ट खाजगी कीच्या मालकाचा चालणार, त्यामुळे बाहेरून स्कॅन करून काही हाती लागत नाही.

पण या सगळ्याच्या आधी माणूस फोडला होता, आणि मला राग येतो तो त्याचा. लासे कोलिन हा एकटा माणूस फावल्या वेळात, बिनपगारी एक्सझेड सांभाळत होता. २०२२मध्ये त्याने उघडपणे लिहिलं की मानसिक आरोग्याच्या जुन्या त्रासामुळे झेपत नाहीये. तेव्हाच काही अनोळखी खाती त्याच्यामागे लागली होती, पॅच का अडलेत, प्रोजेक्ट सांभाळायला दुसरा मेंटेनर नेमा. मदतीला हजर होता ‘जिया तान’, २०२१पासून नेटाने काम करणारा. त्याच्या हाती किल्ल्या गेल्या.

त्या रात्री मी ऑफिसचे सगळे सर्व्हर तपासले. डेबियन स्टेबल, एक्सझेड ५.४.१, सुटलो. घरच्या टेस्टिंगच्या मशीनवर मात्र ५.६.१ निघालं. डिस्क पुसली, नव्याने इन्स्टॉल केलं, एसएसएचच्या सगळ्या की बदलल्या, पहाट झाली.

नंतर मी जिया तानच्या खात्याचे जुने बदल वाचत बसलो. एकात प्रोग्रामला बंदिस्त ठेवणारा लँडलॉक सँडबॉक्स आहे की नाही हे तपासणारा छोटा सी प्रोग्राम होता. तिसऱ्यांदा वाचताना एका ओळीच्या सुरुवातीला एकटाच टिंब दिसला. त्या टिंबामुळे प्रोग्राम कधीच कंपाइल होत नव्हता आणि सँडबॉक्स निमूटपणे बंद राहत होता. तुमच्या मित्रांपुढे तो बदल ठेवा आणि कुणाला किती वेळात सापडतो ते बघा. मग एखाद्या आवडत्या प्रोजेक्टचा टारबॉल गिटच्या टॅगशी, म्हणजे त्याच आवृत्तीच्या कोडशी, ताडून बघायला लावा. लपवण्यापेक्षा हे काम कितीतरी अवघड आहे, आणि त्याला माणसं कमी पडतात.

कोलिन परत आला. एकेक बदल तपासून, घाण काढून, २९ मे २०२४ला त्याने ५.६.२ रिलीज केलं.