ज्याच्याकडे गाडी नाही, ट्रॅक्टर नाही, त्याला डिझेल-कोळशाशी काय देणंघेणं?

तुम्ही विचारलंय, "आमची तीन एकर शेती, एक विहीर. घरात मोटारसायकलसुद्धा नाही. मग खनिज इंधनावर देश किती अवलंबून आहे, याची काळजी आम्ही का करायची? ती शहरातल्या गाडीवाल्यांची गोष्ट नाही का?"

मी परभणी जिल्ह्यात, गोदाकाठच्या पट्ट्यात चार एकर करतो. माझ्याकडेही ट्रॅक्टर नाही. तरीही माझ्या वहीत सगळ्यात जास्त वेळा येणारा खर्च डिझेलचाच आहे, फक्त तो डिझेल या नावाने लिहिलेला नसतो.

२०१५ च्या दुष्काळात चारा मिळेना म्हणून बैलजोडी विकली. तेव्हापासून नांगरट, रोटाव्हेटर, पेरणी, मळणी सगळं भाड्याने. ट्रॅक्टरवाला भावकीतलाच आहे. डिझेल चढलं की तो एकरामागे शे-दोनशे वाढवतो, आणि डिझेल उतरलं तरी भाडं उतरत नाही. त्याला दोष देत नाही मी, त्याच्या डोक्यावर ट्रॅक्टरचा हप्ता आहे. पुढे सोयाबीन मोंढ्यात न्यायला टेम्पो. त्याचंही तेच. ट्रॅक्टरवाल्याने वाढलेला खर्च माझ्यावर टाकला, टेम्पोवाल्याने माझ्यावर टाकला, किराणा दुकानदाराने गोडेतेलाच्या भावात माझ्यावर टाकला. मी कुणावर टाकू? माझ्या मालाचा भाव मी ठरवत नाही. गाडी नसलेल्या माणसाला इंधनाची झळ जास्त बसते असं मी म्हणतो, ते यासाठी.

आपल्या देशाला लागणाऱ्या कच्च्या तेलातलं ८५ टक्क्यांहून जास्त तेल बाहेरून येतं. आखातात किंवा युक्रेनमध्ये काही झालं की महिन्या-दोन महिन्यांत ते आपल्या बांधावर पोचतं. त्यात परभणीचं आणखी एक दुखणं आहे. इथलं पेट्रोल-डिझेल मनमाडच्या डेपोतून तीनशे किलोमीटरहून लांब टँकरने येतं, त्या वाहतुकीचा भार दरात धरला जातो. २०२१ मध्ये राज्यातलं सगळ्यात महाग पेट्रोल म्हणून परभणीचं नाव सारखं बातम्यांत यायचं.

युरियाचंही बघा. ४५ किलोची गोणी आपल्याला २६६ रुपये ५० पैशांना मिळते. युरिया नैसर्गिक वायूपासून बनतो आणि त्या वायूचा मोठा भाग आयात होतो. गोणीचा खरा खर्च याच्या कितीतरी पट आहे, वरची रक्कम सरकार अनुदान म्हणून भरतं. ते पैसे शेवटी आपल्याच करातून जातात. काडेपेटी घेतली तरी आपण कर भरतोच.

पण मराठवाड्यातल्या माणसाने सगळ्यात जास्त लक्ष द्यावं ते पाण्याकडे. कोळशाची वीज पाणी पिते हे आपल्याकडे फार कमी बोललं जातं. कोळसा जाळून वाफ करायची, वाफेवर टर्बाइन फिरवायचं, मग ती वाफ थंड करायची. या थंड करण्यातच पाणी उडून जातं. डिसेंबर २०१५ मध्ये केंद्र सरकारने जुन्या केंद्रांना एका युनिट विजेमागे साडेतीन लिटर पाण्याची मर्यादा घातली. आता परळीच्या कोळशावर चालणाऱ्या (थर्मल) वीज केंद्रातल्या २५० मेगावॅटच्या एका संचाचा हिशेब करू. पूर्ण क्षमतेने दिवसभर चालला तर ६० लाख युनिट वीज, म्हणजे मर्यादा पाळूनही रोज २ कोटी १० लाख लिटर पाणी. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे आली, ते तुम्हाला आठवत असेल. ५० वाघिणींच्या गाडीत २५ लाख लिटर पाणी यायचं. म्हणजे एका संचाला एका दिवसाला तशा आठ गाड्या. परळीत २५० मेगावॅटचे असे तीन संच आहेत. फेब्रुवारी २०१३ मध्ये आणि पुन्हा २०१५ मध्ये खडका बंधाऱ्यात पाणी उरलं नाही म्हणून परळीचं केंद्र बंद ठेवावं लागलं. ज्या वर्षी विहिरी आटतात, त्याच वर्षी वीजही जाते. दुष्काळी मुलखाला ही गोष्ट परवडणारी नाही.

राखेचा हिशेबही असाच. आपल्या देशी कोळशात ३० ते ४५ टक्के राख असते. तसा एक संच दिवसाला साधारण चार हजार टन कोळसा खातो, म्हणजे रोज हजार टनांहून जास्त राख. तिच्या विटा होतात, सिमेंटमध्ये जाते, हे चांगलंच आहे. उरलेली तळ्यात साठते, आणि उन्हाळ्यात तळं वाळलं की वाऱ्यावर उडते. कापसाच्या पानावर बसते, तशी लेकरांच्या छातीतही बसते.

हवामानाबद्दल थोडंच सांगतो. एक लिटर डिझेल जळलं की सुमारे २.६ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. मध्य भारताच्या पट्ट्यात १९५० ते २०१५ या काळात मोठ्या अतिवृष्टीच्या घटना जवळपास तिप्पट झाल्याचं २०१७ च्या एका अभ्यासात आलं आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये माझं काढणीला आलेलं सोयाबीन पाण्यात कुजलं. त्या एका पावसाचं खापर मी कुणा एकावर फोडणार नाही, पण आकाश पूर्वीसारखं राहिलेलं नाही हे कुठल्याही शेतकऱ्याला विचारा.

म्हणून थर्मल उद्या बंद करा, असं मी म्हणत नाही. परळीतली कंत्राटी कामगारांची घरं, चहाच्या टपऱ्या, ट्रकवाले त्यावरच जगतात, आणि रात्रीचा दिवाही अजून कोळशावरच लागतो. पण नवीन वीज हवी असेल तर ती आपल्या माळावर, पाणी न पिता तयार झाली पाहिजे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

तुमच्याकडे विहीर आहे, तर सौर कृषी पंपाचा अर्ज करा. शेतकऱ्याचा हिस्सा १० टक्के, अनुसूचित जाती-जमातींसाठी ५ टक्के. अडीच ते पाच एकरांना पाच एचपीपर्यंत पंप मिळतो. मी बसवलाय. रात्री दोनच्या लाइटीला बॅटरी घेऊन, विंचू-काट्यातून पाणी द्यायला जाणं संपलं, एवढ्यावरच माझ्या बायकोच्या जिवाला स्वस्थता आली.

फक्त एक काळजी घ्या. सूर्य फुकट म्हणून पंप दिवसभर चालू ठेवू नका. माझ्या शेजाऱ्याने तसं केलं, मार्चमध्ये त्याची विहीर तळाला गेली आणि पाठोपाठ माझीही दोन परस उतरली. आता आम्ही दोघांनी ठरवलंय: एक दिवस त्याचा पंप, एक दिवस माझा. अर्ज करण्याआधी तुम्हीही शेजारच्या विहिरीवाल्याशी बोलून घ्या.