आई निपाणीत, लेक कोल्हापुरात

(ऑगस्ट २०२१ मधली, करोनाकाळातली प्रश्नोत्तरं)

प्रश्न : आई (वय ७६) कर्नाटकातल्या निपाणीत एकटी राहते. तिला रक्तदाब आणि मधुमेह आहे, डॉक्टर कोल्हापूरचे. राज्याच्या सीमेवरच्या कोगनोळी नाक्यावर करोनाच्या आरटी-पीसीआर चाचणीचा अहवाल मागत होते, त्यात शनिवार-रविवारची संचारबंदी होती. माझी दर आठवड्याची फेरी बंद पडली. तिच्याकडे लक्ष कसं ठेवू?

उत्तर : ऑगस्ट २०२१ मध्ये लशीचे दोन्ही डोस झाले असले तरी ७२ तासांच्या आतला निगेटिव्ह अहवाल लागत होता. अशा वेळी फेरी होणार नाही, हे धरूनच आखणी करा. तातडीच्या प्रसंगाची सवलत नेहमीच्या फेरीला मिळत नव्हती. म्हणजे त्या फेरीत तुम्ही करत होता ती कामं आता निपाणीतल्या माणसांकडे सोपवायची. "शेजारी बघतात" एवढं पुरत नाही. औषध कोण आणणार आणि रात्री हाक मारली तर कोण धावणार, हे नावानिशी ठरवा. रात्री येणाऱ्याकडे घराची किल्ली द्या. आईला आतून कडी न घालता नुसतं कुलूप-लॅच लावायला सांगा. कडी घातली असेल तर किल्ली असूनही दार उघडत नाही.

गोळ्या दहा दिवसांच्या उरल्या की लगेच मागवा. मार्च २०२० च्या टेलिमेडिसिन नियमांनुसार डॉक्टर फोनवर किंवा व्हिडिओवर तपासून चिठ्ठी देऊ शकतात. तिच्यावर तारीख, डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक आणि औषधाचं जेनेरिक नाव असल्याची खात्री करा. मात्र अल्प्राझोलामसारखी झोपेची गोळी अशा चिठ्ठीवर देता येत नाही, तिची सोय वेगळी करावी लागेल. दुकानदाराने दुसऱ्या कंपनीची गोळी दिली की घोटाळा होतो तो इथे : रंग वेगळा दिसतो, म्हातारी माणसं ते नवं औषध समजतात आणि जुनी-नवी दोन्ही घेतात. नवं पाकीट घरात आलं की उरलेलं जुनं डब्यातून बाहेर काढायला लावा आणि व्हिडिओवर स्वतः बघा.

 आई श्रावणातला सोमवारचा उपवास धरते का, हे आधी विचारा. ग्लिमेपिराईडसारखी मधुमेहाची गोळी घेऊन पोटात काही नसलं की साखर झपाट्याने उतरते. घाम, थरथर, बोलण्यात गोंधळ दिसला तर अर्ध्या पेल्यात तीन चमचे साखर विरघळवून प्यायची, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं, मग काहीतरी खायचं. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नये. उपवासाच्या दिवशी गोळीचं काय करायचं, हे डॉक्टरांना आदल्या आठवड्यातच विचारून ठेवा.

आणखी एक, आणि हे आजच करा. एका कागदावर आईचं नाव, वय, पत्ता, आजार, तुमचा नंबर कन्नडमध्ये लिहून घ्या, खाली औषधांची नावं इंग्रजीत. तो दाराच्या आत चिकटवा. रुग्णवाहिकेतल्या माणसाला घाईत मराठीत समजावत बसायला नको. कोल्हापुरातून १०८ लावलात तर फोन महाराष्ट्राच्या केंद्रात जाईल, म्हणून तो निपाणीतूनच लावायला हवा.

प्रश्न : खानापूरजवळच्या आमच्या गावात वडिलांना (वय ८१) संसर्गाच्या भीतीने चार महिने खोलीबाहेर सोडलेलं नाही. आता खुर्चीतून उठताना त्यांना आधार लागतो. वय झालं म्हणून?

उत्तर : वय आहेच, पण चार महिन्यांत एवढी ताकद गेली ती मुख्यतः बसून राहिल्याने. या वयात मांड्यांचे स्नायू फार लवकर झडतात. ताकद बरीचशी परत येते, मात्र रोज करावं लागतं. गुडघ्याइतक्या उंचीची, हात असलेली खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. उठायचं, दोन श्वास थांबायचं, सावकाश बसायचं. सकाळी, दुपारी, संध्याकाळी पाच-पाच वेळा, आठवड्याने दहा. शेजारी कुणीतरी उभं हवं. पहिल्या दिवशी पाटावरून उठवू नका, तोल जातो. अंथरुणातून उठताना काठावर मिनिटभर बसू द्या, रक्तदाबाच्या गोळ्यांमुळे एकदम उभं राहिल्यावर चक्कर येते. एकाच बाजूचा हात-पाय अचानक गळाला असेल तर मात्र व्यायाम नाही, थेट दवाखाना.

पातळ आमटी-भातावर स्नायू भरत नाहीत. मूत्रपिंडाचा त्रास नसेल तर साधारण वजनाच्या किलोमागे एक ग्रॅम प्रथिनं हवीत. अंड्यात सहा ग्रॅम, कपभर दुधातही जवळपास तेवढीच. मटकीची किंवा हुलग्याची घट्ट उसळ, शेंगदाण्याची चटणी, ताक हे घरात असतंच. लोणचं-पापड मात्र आवरा.

२०२१ मधला सल्ला असा होता : लशीचे दोन डोस होऊन चौदा दिवस झाले असतील तर पाऊस उघडल्यावर पडवीत बसवा. समवयस्क एखादा मित्र मास्क लावून, सहा फुटांवर बसून बोलला तर त्यात धोका थोडा आहे. चार महिने कुणाशी न बोलण्याने होणारं नुकसान आम्हाला जास्त गंभीर वाटतं.

प्रश्न : पेन्शनसाठी लागणाऱ्या हयातीच्या दाखल्यासाठी बँकेत न जाता चालेल का?

उत्तर : चालेल. पोस्टमन घरी येऊन डिजिटल दाखला काढतो, शुल्क २०२१ मध्ये ७० रुपये होतं. आधार, पीपीओ (पेन्शन आदेशाचा) क्रमांक, बँक खातं आणि मोबाइल जवळ ठेवा. ईपीएस-९५ (भविष्य निर्वाह निधीची पेन्शन योजना) वाल्यांना नोव्हेंबरची वाट बघावी लागत नाही, दाखला दिल्यापासून वर्षभर चालतो. झिजलेल्या बोटांचे ठसे उठत नाहीत, म्हणून हात कोमट पाण्याने धुऊन नीट पुसा. अंगठा नाही जमला तर दुसरं बोट लावून बघायला सांगा.