शरीर अजिबात लवचीक नाही. सौम्य योगासनांनी सुरुवात केली तर खरंच फायदा होतो का?

हो, नक्की होतो. ताठर शरीरालाही तो जाणवतो.

स्नायू झटक्याने ताणला की तो बचावासाठी आणखी आखडतो. तोच ताण सावकाश दिला आणि ५-६ संथ श्वास तिथेच थांबलं, की स्नायू हळूहळू सैल पडतो. म्हणून नवख्यांना सौम्य प्रकारच जास्त मानवतो. शिवाय उच्छ्वास लांबवला की हृदयाचे ठोके थोडे मंदावतात, मन निवतं. रात्री झोप लागत नसेल तर मी आधी हेच करायला सांगेन.

ताडासन (ताठ उभं राहणं), मार्जारासन (हात-गुडघे टेकून पाठ वर-खाली करणं), भुजंगासन (पालथं पडून छाती उचलणं) आणि शेवटी शवासन (उताणं, निवांत पडून राहणं), रोज १५ मिनिटं पुरे. वृक्षासन (एका पायावर उभं राहणं) भिंतीजवळ करा, तोल सुधारतो. शवासन मात्र कृपया गाळू नका! बरेच जण तेवढंच टाळतात.

ताण जाणवणं ठीक, पण टोचणारी कळ आली की लगेच थांबा. उच्च रक्तदाब किंवा काचबिंदू असेल तर डोकं खाली जाणारी आसनं नकोत. गरोदरपणात किंवा मणक्याचा त्रास असल्यास आधी डॉक्टरांना विचारा. वजन झपाट्याने उतरेल अशी अपेक्षा ठेवू नका, त्यासाठी चालण्याची जोड हवीच.