कोंबड्यांतील मानमोडी आणि श्वसनाचे इतर विषाणुजन्य रोग : पशुपालकांच्या प्रश्नांना उत्तर

मुंबईतील गोराई, मनोरी, मढ येथील गावठाणांतून आणि आरे परिसरातील पाड्यांतून परसातील कोंबड्यांविषयी जे प्रश्न आले आहेत, त्यांचा आशय जवळपास एकच आहे. कोंबड्या चोच उघडून श्वास घेतात, घशातून घरघर ऐकू येते, हिरवट पातळ विष्ठा होते, काहींची मान पिळवटते आणि थोड्याच दिवसांत खुराडे रिकामे होते. दुकानातून आणलेली प्रतिजैविकाची पूड पाण्यातून देऊनही गुण येत नाही, तर कोणते औषध द्यावे, असे विचारण्यात आले आहे. लस दिलेली असतानाही रोग कसा आला, हा दुसरा प्रश्न आहे, आणि बर्ड फ्लूची शंका अनेकांच्या मनात आहे.

वरील लक्षणे प्रामुख्याने राणीखेत, म्हणजेच मानमोडी या रोगाची आहेत. हा रोग विषाणूमुळे होतो आणि एकदा जडल्यावर त्यावर कोणतेही औषध चालत नाही, हे आम्ही स्पष्टपणे सांगू इच्छितो. प्रतिजैविके जिवाणूंवर काम करतात. विषाणूमुळे दुबळ्या झालेल्या श्वसनमार्गात नंतर शिरणाऱ्या जिवाणूंना आवर घालण्यापुरता त्यांचा उपयोग होतो आणि तोही पशुवैद्यकाने सांगितल्यासच करावा. त्यामुळे औषधावर खर्च करण्याऐवजी तो पैसा आणि तेवढीच काळजी लसीकरणाकडे वळवावी.

श्वसनाचा प्रत्येक त्रास मात्र मानमोडीचा नसतो. संसर्गजन्य ब्राँकायटिस हा रोग कोरोना गटातील विषाणूमुळे होतो व एक-दोन दिवसांत संपूर्ण कळपात पसरतो. पिल्ले शिंकतात आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी येते, तर अंड्यावरील कोंबड्या पातळ, सुरकुतलेल्या कवचाची व पाणीदार पांढऱ्या बलकाची अंडी देऊ लागतात. कोंबडी मान ताणून श्वास घेत असेल आणि खोकताना रक्तमिश्रित शेंबूड पडत असेल, तर लॅरिंगोट्रॅकायटिसचा, म्हणजे घसा व श्वासनलिकेच्या विषाणुजन्य रोगाचा, संशय घ्यावा. त्यातून बरा झालेला पक्षीही विषाणू शरीरात बाळगून राहतो, म्हणून तो नव्या पक्ष्यांत मिसळू नये. नेमके निदान केवळ लक्षणांवरून होत नाही, ते प्रयोगशाळेतच होते.

लस देऊनही रोग येण्याचे कारण बहुतेक वेळा लस देण्याच्या पद्धतीत असते. राणीखेतची लासोटा लस जिवंत विषाणूची असते. ती 2 ते 8 अंश सेल्सिअस तापमानातच टिकते आणि मुंबईत नळाला येणाऱ्या पाण्यातील क्लोरीनमुळे निकामी होते. पाण्यातून लस द्यायची असल्यास विहिरीचे स्वच्छ पाणी किंवा उकळून पूर्ण थंड केलेले पाणी घ्यावे, त्यात दर लिटरमागे अडीच ग्रॅम साय काढलेल्या दुधाची भुकटी विरघळवावी आणि अर्ध्या तासाने लस मिसळावी. भांडी प्लास्टिकची असावीत आणि साबणाचा अंश राहणार नाही अशी धुवावीत. पक्ष्यांना आधी एक-दोन तास पाणी देऊ नये, म्हणजे ते तहानेने लगेच पितील, आणि लसमिश्रित पाणी दोन तासांच्या आत संपेल एवढेच करावे. पिल्लांना पाचव्या ते सातव्या दिवशी पहिली मात्रा डोळ्यात थेंब टाकून द्यावी, चौथ्या आठवड्यात पाण्यातून दुसरी द्यावी आणि आठव्या ते दहाव्या आठवड्यात राणीखेतचीच आर-टू-बी ही दुसरी लस टोचून घ्यावी. आर-टू-बी लस लासोटा न दिलेल्या कोवळ्या पिल्लांना किंवा अंड्यावरील कोंबड्यांना देऊ नये.

येथे गावठाणातील मोठी अडचण लक्षात घेणे आवश्यक आहे. लसीची कुपी शंभर किंवा त्याहून अधिक मात्रांची असते, पण एका घरात कोंबड्या असतात दहा-पंधरा, आणि उघडलेली कुपी दुसऱ्या दिवसासाठी ठेवता येत नाही. म्हणून एका आळीतील दहा-बारा घरांनी मिळून एक दिवस ठरवावा व सर्व पक्ष्यांचे लसीकरण त्याच सकाळी करावे. आम्हांला हा उपाय सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण कोंबड्या आळीभर फिरतात आणि शेजारच्या खुराड्यात लस नसेल तर आपल्या खुराड्यालाही धोका राहतो. आजारी पक्ष्यांना मात्र लस देऊ नये.

रोग बहुधा बाजारातून घरात येतो. विकत आणलेली तलंग (अजून अंड्यावर न आलेली कोंबडी) किंवा न विकला गेल्याने परत आणलेला कोंबडा थेट कळपात सोडू नये. किमान दोन आठवडे वेगळा ठेवावा आणि त्याचे दाणा-पाणी शेवटी करावे. मांसविक्रीच्या दुकानातून येणाऱ्या जाळ्या व क्रेट आधी घासून, मग जंतुनाशकाने धुवावेत, कारण विष्ठेचा थर राहिला तर जंतुनाशक परिणाम करत नाही. पावसाळ्यात खुराडे ताडपत्रीने पूर्ण बंद करण्याची पद्धत सोडावी; ओल्या तुसातून निघणाऱ्या अमोनिया वायूमुळे श्वसनमार्ग आधीच दुखावलेला राहतो.

बर्ड फ्लूबाबत एवढेच सांगतो की, तो महाराष्ट्रात 2006 साली नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे प्रथम आढळला आणि त्यानंतरही राज्यात अधूनमधून उद्भवला आहे. अचानक मोठी मरतूक झाली, तुरा निळा पडला, डोके सुजले किंवा आसपास कावळे, बगळे मेलेले दिसले, तर मेलेला पक्षी स्वतः दवाखान्यात नेऊ नये, खाडीत किंवा कचऱ्यात टाकू नये, विकू नये आणि हाताळू नये. 1962 या दूरध्वनी क्रमांकावर किंवा जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात त्वरित कळवावे. अशी माहिती कळवणे 2009 च्या संसर्गजन्य पशुरोग कायद्यानुसार पशुपालकावर बंधनकारक आहे. शासनाने नष्ट केलेल्या पक्ष्यांची भरपाई मिळते, आधीच मेलेल्यांची मिळत नाही, हेही लक्षात घेऊन कळवण्यास उशीर करू नये.